तंबोऱ्याच्या गावात गाणाऱ्याला जागा कुठे?

मिरज शहराला तीनशे खुर्च्यांचे एक गाण्याचे सभागृह हवे आहे काय, हा प्रश्न आम्ही गेल्या काही महिन्यांत निदान पन्नास जणांना विचारला असेल. बहुतेकांनी आमच्याकडे असे पाहिले की जणू आम्ही गावाला विमानतळच मागत आहोत. 'नाट्यगृह हाय की अण्णा!' हे पहिले उत्तर. 'आधी गटारी बघा म्हणावं,' हे दुसरे. आणि आमच्याच वस्तीतल्या एका तरुण कार्यकर्त्याने दिलेले तिसरे उत्तर असे, 'गाणं मोबाईलवर फुकट मिळतंय, हॉल कशाला पायजे?' तिन्ही उत्तरांत तथ्य आहे. म्हणूनच ती धुडकावून न लावता चार शब्द लिहावेत असे वाटले. आम्ही संगीतातले जाणकार नव्हे. बी.कॉम. झालो, कचेरीत कारकुनी करतो आणि सुट्टीच्या दिवशी समाजाच्या कार्यक्रमात खुर्च्या मांडतो. खुर्च्या मांडणाऱ्याला कार्यक्रमाविषयी काही गोष्टी कळतात, त्या व्यासपीठावर बसणाऱ्याला कळत नाहीत. एवढ्याच अधिकारावर हा लेख आहे.

मिरज म्हणजे तंतुवाद्यांचे गाव. हत्यारे घडविणाऱ्या आणि त्यांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात, हत्यारांचे दिवस सरल्यावर, येथे तंबोरे आणि सतारी करायला घेतल्या. पंढरपूरच्या बाजूचा भोपळा येतो, येथे तासला जातो, जोडला जातो, जवारी लागते आणि वाद्य देशभर जाते. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब येथेच राहिले. 1937 साली ते वारले, त्यांची कबर येथेच आहे आणि मीरासाहेबांच्या उरुसात दर्ग्याच्या आवारात त्यांच्या स्मरणार्थ मोठमोठे गवई येऊन गातात. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात संगीत महोत्सव होतो. बालगंधर्वांनी 1905 साली रंगभूमीवर पहिले पाऊल टाकले ते याच गावात. त्यांच्या नावाचे नाट्यगृह येथे आहे. दहा-बारा किलोमीटरवर सांगलीत विष्णुदास भावे यांचे नाव घेतलेले नाट्यगृह आहे, आणि 1843 साली मराठी नाटकाची सुरुवात तेथेच झाली हे शाळेतले पोरही सांगते.

मग आमची तक्रार काय? तक्रार अशी की एवढ्या सगळ्या वैभवात आमच्या मामांना गायला जागा नाही.

मामा म्हणजे आमच्या वस्तीतले एक गायक. सगळी वस्ती त्यांना मामा म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो. साठी जवळ आली आहे. भिंतींना रंग देण्याचे काम करतात. एप्रिलमध्ये जयंतीचे पाच-सहा कार्यक्रम, मे महिन्यात बुद्ध पौर्णिमेचे एक-दोन, ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे एखाद-दुसरे, आणि सहा डिसेंबरला अभिवादनाची गाणी. झाले त्यांचे वर्ष. उरलेले आठ महिने पेटी कपाटावर फडक्यात बांधलेली असते. त्यांच्याबरोबर ढोलकी वाजविणारा मुलगा गेल्या वर्षी कुरिअरच्या कामाला लागला. आता जयंतीलासुद्धा त्याला सुट्टी मिळेल की नाही हे आदल्या दिवशी कळते. मामा त्याला बोल लावत नाहीत. 'पोराला घर हाय वो अण्णा. वर्षातनं धा दिवस वाजवून कुणाचं पोट भरतंय?' असे म्हणाले. या वाक्यात आम्हाला सगळा प्रश्न सामावलेला दिसला.

पूर्वी गाणे उघड्यावर होत असे. सत्यशोधक जलसे उघड्यावर झाले, 1930 च्या सुमारास सुरू झालेले आंबेडकरी जलसे उघड्यावर झाले. नाशिककडचे भीमराव कर्डक आपला ताफा घेऊन गावोगाव फिरले ते काही नाट्यगृहाची तारीख घेऊन नव्हे. वामनदादा कर्डक (1922–2004) यांनी खेड्यापाड्यांत जी हजारो माणसे जागविली ती चावडीपुढे आणि वस्तीच्या मोकळ्या जागेत. आमच्या जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, त्यांच्याबरोबरचे अमर शेख आणि गव्हाणकर यांनी 1944 साली लाल बावटा कलापथक काढले, तेही गिरणगावच्या चाळींत आणि मैदानांवर गाजले. तेव्हा वाचक विचारतील, की ज्या गाण्याला आजवर छप्पर लागले नाही त्याला आताच का लागावे?

याचे उत्तर कायद्यात आहे आणि मिरजेच्या नकाशात आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातले फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकते. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरचे शांतता क्षेत्र सरकारला जाहीर करता येते. आता मिरज हे तंबोऱ्याचे गाव आहे तसे दवाखान्यांचेही गाव आहे. डॉ. वॉन्लेस यांनी 1890 च्या दशकात येथे मिशनचे रुग्णालय उभारले तेव्हापासून सीमाभागातून, कर्नाटकातून रोगी येथे येत आहेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि खाजगी दवाखाने तर गल्लोगल्ली. शंभर-शंभर मीटरची वर्तुळे काढू लागलात तर मोकळी जागा किती उरेल, ते एकदा कागदावर करून पाहा. आम्ही केले आहे. आमच्या वस्तीपुढचे मैदान अशा दोन वर्तुळांत सापडते.

हा नियम वाईट आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आमच्या आई शेवटच्या आजारात अकरा दिवस रुग्णालयात होत्या आणि खाली रस्त्यावर वरातीचा डीजे चालू होता. खिडकीची काच थरथरत होती. त्या अकरा दिवसांनंतर रात्री दहाच्या नियमाविरुद्ध बोलण्याची आम्हाला इच्छा उरली नाही. पण नियमाचे दुसरे कलम लोक वाचत नाहीत. रात्रीची बंदी बंदिस्त जागेतल्या, आतल्या आत ऐकू जाणाऱ्या आवाजाला नाही. प्रेक्षागृह, सभागृह, समाजगृह यांचा त्यात उल्लेखच आहे. भिंतीबाहेर आवाज जाता कामा नये, एवढे सांभाळले की झाले. म्हणजे कायद्याने गाणे बंद केलेले नाही, गाण्याला घरात यायला सांगितले आहे. ज्यांच्याकडे घर होते ते आत गेले. ज्यांचे गाणे चावडीवरचे होते ते पावणेदहाला पोलिसांची गाडी कोपऱ्यावर दिसली की समेवर येतात. सवाल-जवाबाच्या कव्वालीला रंग चढायची वेळ तीच असते. पहाटेपर्यंत चाललेले सामने ज्यांनी ऐकले आहेत त्यांना आम्ही काय म्हणतो ते समजेल.

बरे, घरात यायचे तर कोणत्या? आमच्यापुढे तीन दारे आहेत.

पहिले आमचे विहार. तेथे ऐंशी माणसे दाटीने बसतात. वर पत्रा आहे. वंदनेला आणि प्रवचनाला जागा छान, पण ढोलकीवर थाप पडली की ती पत्र्यावरून परत येऊन गायकाच्या पुढच्या शब्दावर बसते. शब्द कळला नाही तर आमच्या गाण्यात उरले काय? आमचे गाणे शब्दाचे गाणे आहे. शिवाय विहारात प्रेमगीत, लावणी, विनोदी सवाल-जवाब करावेत की नाही यावर दोन मते आहेत आणि दोन्ही बाजूंना आमची माणसे आहेत.

दुसरे मोठे नाट्यगृह. आम्ही एकदा जवळच्या एका शहरात असे नाट्यगृह घेतले होते. भाडे वेगळे, ध्वनियंत्रणा वेगळी, प्रकाशयोजनेचा माणूस वेगळा. एकशे चाळीस माणसे आली. एकशे चाळीस माणसे भरपावसात तिकीट काढून येणे ही आमच्या मते लहान गोष्ट नाही. पण हजाराच्या सभागृहात ती खिरापतीसारखी विखुरली. पहिल्या चार रांगांत पाहुणे, मध्ये काळोख, मागे पोरे. टाळी वाजली तर ती व्यासपीठापर्यंत पोचेपर्यंत विझत होती. मामा दुसऱ्या दिवशी म्हणाले, 'अंधाराला गाणं म्हणून आलो.' तीच एकशे चाळीस माणसे दोनशेच्या खोलीत असती तर लोकांनी 'हाऊसफुल्ल होता' असे सांगितले असते.

तिसरे दार मंगल कार्यालयाचे. जागा मधल्या मापाची, पंखे आहेत, स्वच्छतागृह आहे. पण एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई, आणि आमचे कार्यक्रम नेमके तेव्हाच. म्हणून आम्ही मुद्दाम ऑगस्टमधला, मुहूर्त नसलेला रविवार निवडला आणि एका कार्यालयात गेलो. व्यवस्थापकांनी वही उघडली, तारीख मोकळी असल्याचे सांगितले, चहा मागवला. मग विचारले, 'कार्यक्रम कसला?' आम्ही म्हणालो, भीमगीतांचा. त्यांनी वही पुन्हा पाहिली. तारीख आधीच गेलेली आहे, नोंद करायची राहिली होती, असे म्हणाले. पुढचा रविवारही गेलेला होता. त्याच्या पुढचाही. चहा मात्र आला. संध्याकाळी आमच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याने त्याच कार्यालयात फोन करून जुन्या भावगीतांच्या कार्यक्रमासाठी तोच पहिला रविवार मागितला. मिळाला. सहकारी आमच्या समाजाचे नाहीत. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि त्यांची समजूत आम्हालाच घालावी लागली. असो. खाजगी मालकाच्या वहीत तारीख कधी भरते आणि कधी रिकामी होते, ते त्याच्या हातात असते. म्हणून आम्ही 'हॉल बांधा' असे नुसते म्हणत नाही. सार्वजनिक पैशाने, सार्वजनिक वहीचा हॉल हवा, असे म्हणतो.

आता हिशेब. आम्ही कारकून, आकडा मांडल्याशिवाय आम्हाला झोप येत नाही. आकडे आम्ही धरलेले आहेत, वाचकांनी आपापल्या गावाचे घालून पाहावेत. तीनशे खुर्च्या, त्यातल्या दोनशे भरल्या आणि तिकीट शंभर रुपये ठेवले, तर वीस हजार जमतात. सभागृहाचे भाडे ध्वनियंत्रणेसकट चार हजार. मुख्य गायकाला पाच हजार, पाच साथीदारांना दीड-दीड हजार म्हणजे साडेसात. छपाई आणि प्रवास दीड हजार. एकूण अठरा हजार. दोन हजार उरले. महिन्यातून एक असा कार्यक्रम झाला तर ढोलकीवाल्याला वर्षाचे अठरा हजार मिळतात. त्यात त्याचे घर चालणार नाही हे आम्हाला कळते, पण ढोलकी खुंटीवर राहणार नाही. आणि असे तीन-चार संच मिळून तो एकटाच वाजवू लागला तर कुरिअरवाल्याला सुट्टीसाठी हात जोडण्याची पाळी येणार नाही.

सभागृहाच्या बाजूनेही पाहू. महिन्यात पंधरा दिवस ते चार हजारांनी गेले तर साठ हजार येतील. पहारेकरी आणि ध्वनियंत्रणा सांभाळणारा जाणता माणूस यांचे पस्तीस, वीज पंधरा, साफसफाई आणि किरकोळ दुरुस्ती दहा. बरोबरीत सुटले. पण यात इमारतीचा खर्च कुठेच नाही, आणि तो तिकिटातून कधीच निघणार नाही. जो कोणी 'आपोआप भागेल' असे सांगेल तो एक तर कंत्राटदार असेल किंवा त्याने वही मांडली नसेल. बाग तिकिटावर उभी राहत नाही, वाचनालय राहत नाही, तसेच हे. मुंबईत जुहूला 1978 साली सुरू झालेले पृथ्वी थिएटर पाहा. खुर्च्या दोनशेच, पण आज तेथे प्रयोग करायला मोठमोठे नट धडपडतात. लहान जागेत माणूस तोंडासमोर दिसतो आणि रोज काही ना काही चालू असते म्हणून लोकांचे पाय तिकडे वळतात. त्यामागे पदरमोड करून जागा चालविणारे कुटुंब होते. आमच्याकडे तसे कुटुंब नाही, तेव्हा ती पदरमोड आपण सर्वांनी करातून करायची.

येथे गटारीवाले गृहस्थ पुन्हा उभे राहतात. त्यांचा मान राखूनच बोलतो, कारण पाणी आणि गटारीसाठी आम्ही स्वतः मोर्चे काढले आहेत. पण आम्ही नवी इमारत मागतच नाही. प्रत्येक शहरात पटसंख्या घटल्याने बंद पडलेली शाळा, ओस पडलेले मंडईचे वरचे मजले, कुलूपबंद समाजगृहे असतात. भिंती आहेत, छप्पर आहे. जाड पडदे, छताला आतून आवाज शोषणारे अस्तर, दोनपदरी दारे, बऱ्यापैकी ध्वनियंत्रणा, स्त्री-पुरुषांची वेगळी स्वच्छतागृहे, आणि चाकाच्या खुर्चीला चढता येईल असा उतार. आणखी एक. कोल्हापूरचे शाहू महाराजांनी उभारलेले केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळाले तेव्हा आम्हीही हळहळलो. शंभर वर्षांहून जुनी वास्तू होती, हळहळणारच. पण सगळी कला एकाच मोठ्या छपराखाली ठेवली की ते छप्पर गेल्यावर कलावंत कुठे जातात, हेही त्या रात्री दिसले.

मोबाईलवाल्या तरुणाला मात्र आम्ही तावातावाने बोललो. मोबाईलने गाणे लांब जाते हे खरे. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगरच्या) कडूबाई खरात एकतारीवर गात होत्या, त्यांचा आवाज मोबाईलवरूनच महाराष्ट्रभर गेला. पण त्या ओळखीचे पैसे झाले ते लोकांनी त्यांना व्यासपीठावर बोलावले तेव्हा. आणि नवे गाणे तयार कुठे होणार? मामा कोणता अंतरा ठेवायचा आणि कोणता गाळायचा हे समोरच्या बाईने पदर डोळ्याला लावला की नाही यावरून ठरवतात. मोबाईलला पदर नसतो. जयंतीला आता डीजेच्या भिंती उभ्या राहतात, त्यावर ध्वनिमुद्रित भीमगीते वाजतात, आणि ज्याने तशी गाणी आयुष्यभर गायली तो माणूस मिरवणुकीच्या कडेला उभा राहून ऐकतो. त्या एका रात्रीच्या भाड्यात आमच्या हिशेबातले किती कार्यक्रम बसतील, हे प्रत्येक मंडळाच्या खजिनदाराने स्वतः काढावे. आम्ही सांगितले तर भांडण होईल.

'तिकीट कोण काढणार?' हाही सवाल आला. वर्गणी देतो, तिकीट काढत नाही, ही आपली जुनी रीत. वर्गणीत गायकाला 'मानधन' मिळते, ते पाकिटात असते आणि पाकिटात किती आहे हे गायकाने विचारायचे नसते. तिकिटात मजुरी असते. विठ्ठल उमपांसारखा शाहीर 2010 साली दीक्षाभूमीवर, कार्यक्रमातच कोसळला आणि गेला. आपण त्यांना डोक्यावर घेतले, ते योग्यच. पण हयात असलेल्या, नाव नसलेल्या गायकाचा दर ठरविण्याची वेळ आली की आपण 'समाजाचं काम आहे' म्हणतो.

आमच्या पत्नी या सगळ्या चर्चेत एकदाच बोलल्या. त्या म्हणाल्या, 'रविवारी संध्याकाळी सहाला सुरू करून नऊला संपवणार असाल तर बायका येतील. बसायला खुर्ची, दिवा लागलेलं स्वच्छतागृह आणि दारापर्यंत रिक्षा. एवढं द्या, मग बघा तिकीट कोण काढतंय ते.' मैदानातल्या कार्यक्रमाला त्या कधी मध्यापर्यंतसुद्धा थांबल्या नाहीत, ते गाणे आवडत नाही म्हणून, अशी आमची इतकी वर्षे समजूत होती.

तूर्त आम्ही अर्जाचा मसुदा केला आहे. एक रिकामी सार्वजनिक इमारत पाहून, पावलांनी मोजून आलो. तारखांची वही दारात उघडी ठेवावी, अर्ज येईल त्या क्रमाने तारीख द्यावी, नकार दिल्यास कारण लेखी द्यावे, आणि कार्यक्रमाचा प्रकार विचारण्याचा रकाना अर्जात नसावा, या चार अटी मसुद्यात पहिल्या पानावर आहेत. आवाजाच्या गोष्टी दुसऱ्या पानावर. तंतुवाद्यांच्या गल्लीतल्या एका कारागिरांनी सही केली आणि दिवसा तेथे मुलांना सतार शिकवायला जागा मिळेल का, असे विचारले. तेही लिहिले. भावगीतांची तारीख मिळविणाऱ्या सहकाऱ्यांची सही तिसरी आहे. मामांना वाचून दाखविले तेव्हा त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच दुरुस्ती सुचविली. तीनशे खुर्च्या नकोत, अडीचशेच लिहा म्हणाले, आणि पुढची जागा सतरंजीला मोकळी सोडा.